ऊब, ओल, दिवस, पालट

आत्याने यंत्रावरची गोल गुंडी दोन बोटांत धरली, एक खटका उजवीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाहिले. "अगं, मी एकदाच फिरवलं, अन् हे दोन घरं पळालं की." मी गुंडी हातात घेतली. तीन वेळा सारे ठीक चालले. चौथ्या वेळी पडद्यावरचा बाण खरोखरच एक ओळ गाळून पुढच्या ओळीवर जाऊन बसला. हेच यंत्र मी पुण्यात आठवडाभर टेबलावर चालवले होते आणि हा दोष मला एकदाही जाणवला नव्हता, कारण बाण फार पुढे गेला की माझा हात नकळत एक खटका मागे येत असे. आत्याच्या हाताला ती सवय नव्हती, आणि यंत्राच्या चुका सांभाळून घेण्याची सवय तिने लावून घ्यावी असे म्हणण्याचा मला काही अधिकार नव्हता.

आत्या खटाव तालुक्यात राहते. तिच्याकडे गावठी कोंबड्या आहेत. कोंबडी खुडूक कधी बसते याची वाट न पाहता पिल्ले काढता यावीत म्हणून एक लहानसे उबवणी यंत्र करून दे, असे तिने मागच्या दिवाळीत मला सांगितले होते. थर्माकोलची पेटी, आत साठ वॅटचा दिवा, हवा खेळती ठेवणारा पंखा, अंड्यांचा ट्रे दोन्ही बाजूंना कलता करणारी छोटी मोटर आणि या साऱ्यांवर लक्ष ठेवणारा आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा चिपचा छोटा बोर्ड), एवढाच तो संसार आहे. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत उबते, पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंशांच्या आसपास तापमान लागते, १८ व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात आणि त्यानंतर फिरवणे थांबवून आतली ओल वाढवावी लागते. हे मी वाचून शिकले. आत्याने ते वर्षानुवर्षे कोंबडीकडे पाहून जाणले होते.

तापमान कमी झाले की दिवा लावायचा आणि वाढले की बंद करायचा, हा भाग एका संध्याकाळी लिहून झाला. त्या यंत्राशी माणसाने बोलायचे कसे, यात मात्र माझे चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांबद्दल मला मनापासून लिहायचे आहे. लहान यंत्रांच्या मेनूकडे आपण फार दुर्लक्ष करतो असे मला वाटते. सेन्सर कोणता, चिप कोणती, याची चर्चा भरपूर होते, पण ज्या एका गुंडीवर माणसाचा हात पडतो तिच्यावर पुरेसा विचार होताना दिसत नाही.

पुण्यातल्या तापकीर गल्लीतून मी आणलेली ती गुंडी म्हणजे रोटरी एन्कोडर. दिसायला ती जुन्या रेडिओच्या कानासारखीच असते, पण रेडिओच्या आवाजाचा कान एका टोकाला जाऊन अडतो आणि तो कुठे आहे यावरून आवाज किती हे ठरते. एन्कोडर कुठेच अडत नाही. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसते. पुढे सरकलो की मागे, एवढेच तो सांगू शकतो. मेनूसाठी हीच गोष्ट मोलाची ठरते. तीच गुंडी एका पानावर यादीतून ओळी निवडते, दुसऱ्या पानावर तापमान बदलते आणि तिसऱ्या पानावर तास लावते, आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवात कुठून करायची हे प्रोग्रॅम ठरवतो. तीच खाली दाबली की बटणाचेही काम करते. एका भोकात बसणाऱ्या एवढ्याशा वस्तूने अख्खे यंत्र चालवता येते, म्हणून थ्रीडी प्रिंटरपासून घरच्या मायक्रोवेव्हपर्यंत ती सगळीकडे दिसते.

तिच्या आत खाचांची एक चकती असते आणि चकतीवरून घासत जाणाऱ्या पत्र्याच्या दोन जिभा असतात. त्या अशा बसवलेल्या असतात की गुंडी फिरताना दोघी एकाच वेळी जुळत नाहीत. एक थोडी आधी, दुसरी थोडी मागाहून. दोन्ही सुटलेल्या, पहिली जुळलेली, दोन्ही जुळलेल्या, फक्त दुसरी जुळलेली, पुन्हा दोन्ही सुटलेल्या, असे चार पायऱ्यांचे आवर्तन पूर्ण होते. उलट फिरवले की हाच क्रम उलटा येतो, आणि दिशा कळते ती यावरूनच. लागोपाठच्या कोणत्याही दोन पायऱ्यांमध्ये एकच जीभ बदलते, हे या मांडणीचे खरे बळ आहे. अशा मांडणीला ग्रे कोड म्हणतात. बेल लॅब्जमधील फ्रँक ग्रे यांच्या १९५३ साली मंजूर झालेल्या पेटंटावरून ते नाव रूढ झाले.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने या बळाचा उपयोगच केला नव्हता. नवशिक्याला पहिल्यांदा सापडते तीच रीत मी घेतली होती: पहिल्या जिभेच्या तारेवरची विजेची पातळी खाली आली की इंटरप्ट (चिपने हातातले काम थांबवून तिकडे पाहणे), आणि त्या क्षणी दुसरी तार वर आहे की खाली हे पाहून दिशा. कागदावर हे बिनचूक वाटते. प्रत्यक्षात पत्र्याची जीभ जुळताना एकदाच जुळत नाही. ती थरथरते, दोन-तीन मिलिसेकंदांत अनेकदा जुळते आणि सुटते. चिपच्या दृष्टीने तेवढा वेळ फार मोठा असतो, म्हणून एका खटक्याचे कधी दोन होतात, कधी तीन. आत्याला दिसलेली दोन घरे ती हीच.

उपाय म्हणून अनेकजण थरथर संपेपर्यंत थांबतात. मीही एक आठवडा तसे करून पाहिले आणि सोडून दिले, कारण थांबण्याची मुदत वाढवली की वेगाने फिरवलेले खटके गळतात आणि कमी केली की थरथर आत येते. खरा उपाय त्या चार पायऱ्यांतच आहे. आधीच्या स्थितीचे दोन बिट (दर जिभेला एक, ० किंवा १) आणि आताच्या स्थितीचे दोन बिट शेजारी ठेवले की ० ते १५ यांपैकी एक आकडा तयार होतो. या १६ शक्यतांचा एक छोटा तक्ता करायचा. त्यात चार ठिकाणी अधिक एक, चार ठिकाणी उणे एक आणि उरलेल्या आठ ठिकाणी शून्य येते, कारण त्या आठांत एकतर काहीच बदललेले नसते किंवा दोन्ही जिभा एकदम बदलल्याचे दिसते, जे खऱ्या फिरण्यात घडत नाही. आता जीभ थरथरली तरी ती शेजारच्या दोन पायऱ्यांवरच पुढे-मागे होते: अधिक एक, उणे एक, अधिक एक, उणे एक, अधिक एक. बेरीज शेवटी एकच भरते. पावली खेळताना पावले मागेपुढे पडत असतात, तरी दिंडी शेवटी पुढेच सरकते, तसे हे आहे. थरथरीशी झगडावे लागत नाही. ती आपली आपण वजा होते.

हा तक्ता मी इंटरप्टच्या भरवशावर न ठेवता दर मिलिसेकंदाला टायमरवरून वाचते. माझ्या गुंडीला एका फेऱ्यात २० खटके आहेत आणि प्रत्येक खटक्यात चार पायऱ्या, म्हणजे फेऱ्याला ८० पायऱ्या होतात. माणसाने अगदी झपाट्याने सेकंदाला तीन फेरे मारले तरी २४० पायऱ्या झाल्या, आणि आपण सेकंदाला हजार वेळा पाहत आहोत. एवढे पुरते. चार पायऱ्या साठल्या की एक खटका मोजायचा. इथे मात्र हातातली गुंडी कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते. काही गुंड्यांना एका फेऱ्यात ३० खटके आणि १५ आवर्तने असतात, म्हणजे दर खटक्याला दोनच पायऱ्या. अशी गुंडी चारने मोजली तर दोन खटके फिरवल्यावर बाण एकदा हलतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की यंत्र जड आहे. बोटाला एक टक् जाणवले की डोळ्याला एक पाऊल दिसले पाहिजे. या एका नियमासाठी मी बाकी काहीही बदलायला तयार होते.

तक्ता बसवून मी पुन्हा गावी गेले. दोन घरे पळणे थांबले होते. पण आता दुसरेच दिसू लागले. गुंडी सलग फिरवली की बाण मध्येच थबकायचा, आणि मग एकदम तीन-चार ओळी उडी मारायचा. खटके गळत नव्हते. मोजलेही जात होते. ते पडद्यापर्यंत उशिरा पोहोचत होते. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तापमान मोजणारा डीएस१८बी२० हा सेन्सर पूर्ण बारकाईने मोजायला पाऊण सेकंद, म्हणजे ७५० मिलिसेकंद घेतो, आणि नेहमीच्या पद्धतीने त्याला विचारले की प्रोग्रॅम तेवढा वेळ उत्तराची वाट पाहत उभा राहतो. त्या पाऊण सेकंदात आत्याचे बोट काय सांगत आहे ते पाहून पडदा बदलायला कोणी नसायचे. आता मी सेन्सरला मोजायला सांगून लगेच पुढे जाते आणि सेकंदभराने परत येऊन उत्तर घेते. भात शिजत लावून कोणी चुलीसमोर हात बांधून बसत नाही. तेवढ्यात भाजी चिरून होते.

याच चुकीचे अधिक गंभीर रूप मला त्यानंतर दिसले, आणि ते आठवले की अजूनही अंगावर काटा येतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये मेनू उघडला की त्याचे स्वतःचे एक वेगळे चक्र सुरू व्हायचे आणि वापरणारा बाहेर पडेपर्यंत ते फिरत राहायचे. तापमान सांभाळणारा भाग त्या चक्राच्या बाहेर होता. आत्याने तापमान बदलण्याचे पान उघडले, तेवढ्यात गोठ्यातून हाक आली आणि ती तशीच उठून गेली. त्या क्षणी दिवा लागलेला होता, तो लागलेलाच राहिला. अर्ध्या तासाने मी पेटीत हात घातला तेव्हा आतली हवा चटका बसावा इतकी तापली होती. सुदैवाने तेव्हा आत अंडी नव्हती. चाचणीसाठी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. मेनूच्या पानावर कोणी रेंगाळले म्हणून यंत्राने आपले मूळ काम सोडणे हा माझ्या लेखी या सगळ्या कामातला सर्वांत मोठा अपराध होता.

त्या रात्री मी मेनूचा प्रोग्रॅम पुसून पहिल्यापासून लिहिला. आता मेनू कुठेही थांबत नाही. आपण कोणत्या पानावर आहोत आणि बाण कोणत्या ओळीवर आहे, एवढे दोन आकडे तो लक्षात ठेवतो. मुख्य चक्र एकच आहे: तापमान पाहा, दिवा ठरवा, ट्रे पाहा, गुंडीकडून काही निरोप आला आहे का ते पाहा, असेल तर ते दोन आकडे बदला, पडदा रंगवा आणि पुन्हा पहिल्यापासून. गुंडीकडून येणारे निरोपही तीनच ठेवले आहेत: पुढे, मागे आणि दाब. सुरुवातीला चौथाही होता. गुंडी बराच वेळ दाबून ठेवली की मागच्या पानावर जाता यायचे आणि मला ते सुटसुटीत वाटायचे. आत्याने विचारले, "किती येळ दाबायचं ते कसं कळणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पडद्यावर न दिसणारी कोणतीही खूण वापरणाऱ्याला पाठ करावी लागते, आणि वर्षातून चार वेळा वापरायच्या यंत्राच्या खुणा पाठ राहत नाहीत. म्हणून लांब दाब काढून टाकला आणि प्रत्येक यादीच्या शेवटी 'परत' अशी एक ओळ घातली. ओळ वाढली, पण काही लपून राहिले नाही.

वेळ संपली की मूळ पानावर परतण्याची सोयही तेव्हाच केली. वीस सेकंद गुंडीला हात लागला नाही की यंत्र आपणहून पहिल्या पानावर येते आणि अर्धवट बदललेला आकडा सोडून देते. तो आकडा ठेवावा की सोडावा यावर मी बराच विचार केला. माणूस अर्ध्यातून उठून गेला तर त्याने होकार दिला असे धरू नये, असे मला वाटते.

आता शब्दांकडे येते, कारण माझ्या मते मेनूचे निम्मे काम शब्दच करतात. पहिला पडदा सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, सर्वत्र मिळतो तो एचडी४४७८० जातीचा होता. त्यात इंग्रजी अक्षरे तयार असतात. स्वतःची अक्षरे म्हणून फक्त आठ घरे मिळतात, प्रत्येक घर पाच गुणिले आठ ठिपक्यांचे. आत्या मराठी वाचते, इंग्रजी नाही. मी त्या आठ घरांत देवनागरी बसवण्याचा बराच प्रयत्न केला. 'तापमान' कसेबसे जमले, पण दोन घरांच्या मध्ये काचेवरच एक मोकळी फट असते, त्यामुळे शिरोरेषा जागोजागी तुटायची आणि शब्द दात पडल्यासारखा दिसायचा. 'आर्द्रता' लिहिताना मी हात टेकले. वर रफार, खाली द्र, आणि जागा आठ ठिपक्यांची.

"आत किती आर्द्रता आहे ते दाखवायचंय गं, पण अक्षर बसत नाही," मी आत्याला म्हणाले.

"म्हंजे ओल का?" ती म्हणाली. "मग ओल म्हण की."

मी तिला पुढे विचारत गेले. तापमानाला ती ऊब म्हणत होती. अंडी फिरवण्याला पालट म्हणत होती. कोंबडी चोचीनं अंडी पालटती, असे ती सांगत होती. कोंबडी बसून किती दिवस झाले याला नुसते दिवस पुरेसे होते. ऊब, ओल, दिवस, पालट. या चार शब्दांनी माझा मेनू तयार झाला. त्याआधीच्या मेनूत माझ्या प्रोग्रॅमच्या फायली जशा होत्या तशाच ओळी होत्या: सेन्सर, नियंत्रण, मोटर, घड्याळ, जतन. त्यातली एकही ओळ आत्याच्या दिवसाशी जुळत नव्हती, आणि जोडाक्षरांनी अडवले नसते तर मी तिला तिचे शब्द विचारलेच नसते.

शब्द ठरले तरी ते काढायला ठिपक्यांचा पडदा हवा होता, म्हणून मी १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा छोटा ओलेड पडदा आणला. तिथे वेगळी अडचण उभी राहिली. देवनागरीचा फॉन्ट मिळाला, पण तो चिपवर एकेक चिन्ह साठवल्या क्रमाने काढत जातो. संगणकात 'दिवस' हा शब्द द, मग ऱ्हस्व वेलांटी, मग व, मग स असा साठवलेला असतो, कारण उच्चाराचा क्रम तसा आहे. वेलांटी काढायची असते ती मात्र द च्या आधी. फोनमध्ये आणि संगणकात ही अदलाबदल करणारी व्यवस्था असते; त्या एवढ्याशा चिपवर ती नसते. म्हणून पडद्यावर आधी द उमटला, त्याच्यानंतर वेलांटी, आणि ती पुढच्या व ला जाऊन चिकटली. यंत्र 'दविस' असे दाखवत होते. मी शेवटी फॉन्टचा नाद सोडला. मेनूतले सगळे शब्द संगणकावर नीट काढले, त्यांची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चित्रे केली आणि ती चिपच्या फ्लॅश मेमरीत, म्हणजे प्रोग्रॅम साठतो त्या जागेत, ठेवली. पूर्ण रुंदीच्या, सोळा ठिपके उंच ओळीला २५६ बाइट लागतात. ३२ किलोबाइटच्या फ्लॅशमध्ये माझ्या पंधरा-वीस शब्दांना भरपूर जागा आहे. शिरोरेषा सलग आली, वेलांटी आपल्या जागी बसली, आणि आत्याने चष्मा न लावता पहिली ओळ वाचली.

फ्लॅश पुरली तरी रॅमचे तसे नव्हते. या चिपमध्ये रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, अवघी २ किलोबाइट असते, आणि या पडद्याचे पूर्ण चित्र तिच्यात ठेवायचे तर १०२४ बाइट, म्हणजे अर्धे घर तिथेच भरते. त्यामुळे मी यू८जी२ या लायब्ररीची (पडदा रंगवणाऱ्या तयार प्रोग्रॅमच्या संचाची) पट्ट्यापट्ट्यांनी रंगवण्याची रीत वापरते. ती फक्त १२८ बाइट घेते आणि पडदा वरून खाली आठ पट्ट्यांत रंगवते. प्रत्येक पट्टीसाठी चित्र काढण्याच्या सगळ्या आज्ञा पुन्हा चालवल्या जातात. एकदा पडद्यावर ३७.४ चा ४ असा दिसला की त्याचा वरचा भाग चारचा होता आणि खालचा पाचचा. मी सेन्सर खराब झाला असे समजून तो बदललाही. चूक माझी होती. चित्र काढण्याच्या आज्ञांमध्येच मी ताजे तापमान वाचत होते, आणि चौथी पट्टी रंगवून पाचवी रंगवेपर्यंत तापमान एक दशांशाने चढले होते. तेव्हापासून रंगवणे सुरू होण्याआधी सारे आकडे एकदा बाजूला लिहून घ्यायचे आणि रंगवताना फक्त त्या प्रतीकडे पाहायचे, हा दंडक मी पाळते.

आकडे बदलण्याच्या पानांवर मला प्रत्येकाचा स्वभाव वेगळा ठेवावा लागला. याद्या गोल फिरतात: शेवटच्या ओळीनंतर पुढे गेले की पहिली ओळ येते आणि पहिलीच्या मागे गेले की शेवटची. ऊब मात्र गोल फिरता कामा नये. ती ३६ ते ३८.५ अंशांच्या मध्येच हलते, एका खटक्याला एक दशांश, आणि टोकाला पोहोचली की गुंडी कितीही फिरवा, आकडा तिथेच राहतो. घड्याळ लावताना वेगाने फिरवले की आकडा मोठ्या पावलांनी पळतो, ते सोयीचे आहे. उबेच्या पानावर हा वेग मी मुद्दाम बंद ठेवला आहे. अंड्यातल्या जीवाला एक अंश ही मोठी गोष्ट असते आणि तिथे बोट घसरून चालत नाही. 'नवी उबवण' ही ओळ निवडली की यंत्र पुन्हा पहिल्या दिवसावर येते, म्हणून तेवढ्या एकाच ठिकाणी ते 'करू का?' असे विचारते, आणि बाण सुरुवातीला 'नको'वर असतो.

विचारण्यालाही मर्यादा हवी, हे मला विजेने शिकवले. सुरुवातीला लाईट जाऊन आली की यंत्र विचारायचे: जुनी उबवण पुढे चालू ठेवू की नवी सुरू करू? आणि उत्तराची वाट पाहत बसायचे. पहाटे तीनला लाईट आली तेव्हा उत्तर द्यायला पेटीसमोर कोणी नव्हते. आता ते काही विचारत नाही. गोल सेलवर चालणाऱ्या डीएस३२३१ या घड्याळात तारीख चालूच असते, उबवण कोणत्या तारखेला सुरू झाली हे चिपच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहिलेले असते, आणि दोन्हींच्या वजाबाकीतून आजचा दिवस मिळतो. या ईईप्रॉमवर एका जागी साधारण एक लाख वेळाच लिहिण्याची हमी असते, म्हणून गुंडीच्या प्रत्येक खटक्याला तिथे लिहिणे मी कटाक्षाने टाळले आहे. माणसाने दाबून होकार दिला की मगच एकदा लिहायचे.

एका गोष्टीचा उल्लेख थोडक्यात करते, कारण ती अनेकांना छळत असणार. दिवा चालू-बंद करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटला की कधीकधी कोणी हात न लावता मेनू उघडायचा. माझ्या एन्कोडरच्या पट्टीवर फिरण्याच्या दोन तारांना त्यांची पातळी स्थिर धरणारे रोधक (रेझिस्टर) लावलेले होते, बटणाच्या तारेला नव्हता. ती केवळ चिपच्या आतल्या दुबळ्या रोधकावर वर टेकलेली होती आणि हातभर लांब होती, शिवाय दिव्याच्या वायरीला चिकटून गेलेली. तार वेगळ्या बाजूने नेली, बाहेरून ४.७ किलोओमचा रोधक लावला आणि बटण सलग ३० मिलिसेकंद दाबलेले दिसल्याशिवाय ते मानायचे नाही असे ठरवले. त्यानंतर भुताने मेनू उघडलेला नाही.

मार्चमध्ये पहिल्यांदा खरी अंडी ठेवली. तेव्हा मी चार दिवस आत्याकडेच राहिले आणि तिचा हात पाहत बसले. गुंडी मी पडद्याच्या डाव्या बाजूला बसवली होती, कारण आतून तार तिथे आखूड पडत होती. आत्या उजव्या हाताने गुंडी फिरवायची, तेव्हा तिचा हात पडद्यावरून आडवा जायचा आणि ती मान वाकवून हाताखालून ओळ वाचायची. तिने त्याबद्दल एक अक्षर काढले नव्हते. मी डब्याच्या झाकणाला पडद्याच्या खाली मधोमध नवे भोक पाडले, तार वाढवली आणि गुंडी तिथे बसवली. जुन्या भोकावर आत्याने शिवणाच्या डब्यातले एक मोठे बटण चिकटवले.

सतराव्या दिवशी तिचा फोन आला. पंखा मध्ये थोडा वेळ बंद ठेवता येईल का, असे ती विचारत होती. मी मेनूत 'पंखा' ही पाचवी ओळ घालायची ठरवली. माझ्या दृष्टीने तिची जागा उबेच्या शेजारी होती, कारण दोन्हींचा संबंध आहे. तेवढ्यात मला तिचे बोलणे आठवले. रात्री घरात लाईट न लावता ती ओलीचे पान उघडते. पडद्याकडे पाहते ते ओल वाचण्यापुरतेच. "दाबायचं, एक टक्, परत दाबायचं," असे तिने शेजारणीला सांगितलेले मी ऐकले होते. ऊब आणि ओल यांच्या मध्ये मी पंखा घातला असता तर तिचा एक टक् चुकला असता. मी पंखा पालटच्या खाली ठेवला, 'परत'च्या वर. यादी गोल असल्यामुळे 'परत' पहिल्या ओळीपासून मागे एका टकावर होता, तो तिथेच राहिला.